ताईच्या व्यवस्थेचा समग्र विचार

जगातील प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येक गोष्टीशी जोडलेली असते, हे आता तज्ज्ञांनी मान्य केले आहे. (जे मान्य करत नाहीत तेही मान्य करणाऱ्यांशी जोडलेले असल्यामुळे त्यांचा वेगळा विचार करण्याची गरज उरलेली नाही.) या नियमाला एक अपवाद मात्र बरेच दिवस टिकून होता. तो म्हणजे अनुस्वारांच्या टेबलावर, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाखाली ठेवलेले एक पत्र. ते कशालाही जोडलेले नव्हते, कारण त्याला उत्तर गेलेले नव्हते.

अनुस्वार हे त्यांचे खरे नाव नव्हे. उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवला. जुन्या लेखनात काही अनुस्वार असे असत, की ते लिहिले जात पण उच्चारले जात नसत. पुढे नियम बदलले आणि ते काढून टाकण्यात आले. हे वर्णन आपल्या मुद्रितशोधकाला तंतोतंत लागू पडते, असे छापखान्यातल्या मंडळींना वाटले. ते हजेरीपटावर असत. त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी निरोपाला उत्तर देण्यासाठी ते उठले, समारंभाच्या छापील पत्रिकेत एक वेलांटी चुकली आहे असे म्हणाले, आणि खाली बसले. त्यांच्या जाहीर भाषणांपैकी हे सर्वांत प्रदीर्घ होय.

पत्र ताईचे होते. ताई म्हणजे थोरली बहीण. दुसऱ्या गावी एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर ती एकटी राहत होती आणि पायाच्या मशीनवर लोकांचे कपडे शिवत होती. तिने लिहिले होते:

‘फोनवर तू नुसता हं म्हणतोस, म्हणून लिहिते आहे. माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे. खाली उतरले की वर कशी चढू याची चिंता, वर चढले की खाली कशी उतरू याची. त्यामुळे हल्ली मी जिन्यातच जास्त असते, शेजारी तिथेच भेटायला येतात. तुझ्याकडे माझी काही व्यवस्था होईल का? माझ्या व्यवस्थेचा विचार कर आणि कळव. नाही म्हणालास तरी चालेल. पण म्हण.’

पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळे अनुस्वारांची मोठी पंचाईत झाली. चूक असती तर कुठून तरी सुरुवात करता आली असती.

त्यांच्या मनात नकार होता असा कोणाचा समज झाला असेल तर तो येथेच दूर केलेला बरा. ताई यावी असे त्यांना मनापासून वाटत होते. शाळेच्या पहिल्या वर्षी गुरुजी हजेरी घेत तेव्हा ‘हजर’ हा शब्द त्यांच्या वतीने ताईच वर्गाच्या दारातून म्हणत असे, आणि मग आपल्या वर्गाकडे पळत सुटे. अशा बहिणीला नाही कोण म्हणेल? प्रश्न फक्त हो कसे म्हणावे हा होता.

पत्र आले त्याच दिवशी त्यांनी कोऱ्या कार्डावर ‘ये’ असे लिहिले होते. मग चष्मा पुसून मुद्रितशोधकाच्या नजरेने पाहिले. एका अक्षराचे वाक्य. छापखान्यात असा खर्डा आला असता तर मजकूर गळला आहे असे समजून त्यांनी तो परत पाठवला असता. म्हणून त्यांनी मजकूर वाढवायला घेतला. ‘अवश्य ये’ हे लग्नपत्रिकेसारखे दिसले. ‘तू येऊ शकतेस’ याला उपकाराचा वास आला. ‘तुला यायचे असल्यास ये’ यात, तिला यायचे नसावे अशी आशा डोकावत होती. ‘येणार असशील तर आधी कळव’ ही तर सरळ धमकीच झाली. शिवाय मागची खोली पुस्तकांनी भरलेली होती. ती पुस्तके पुढच्या खोलीत आणली तर पुढच्या खोलीतला पलंग स्वयंपाकघरात जाणार. पलंग स्वयंपाकघरात गेला तर स्वयंपाक कुठे जाणार, याचे उत्तर शब्दकोशाच्या एकाही खंडात नव्हते.

विचार इथवर आला असताना त्यांना वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. ‘व्यवस्थेचा विचार करायला शिका. गुंतागुंतीचे प्रश्न मुळापासून सोडवा. वयाची अट नाही.’

अनुस्वारांनी जाहिरात कापली आणि ताईच्या पत्राशेजारी ठेवली. जाहिरातीत ‘व्यवस्थेचा विचार’, पत्रात ‘व्यवस्थेचा विचार’. शब्द तोच, विभक्ती तीच, वेलांटी-उकारात काडीचा फरक नाही. आयुष्यभर त्यांनी मुद्रित मूळ प्रतीशी ताडून पाहिले होते आणि दोन्ही जुळले की सही केली होती. मजकुराचा अर्थ पाहणे हे त्यांच्या खात्याचे काम कधीच नव्हते. त्यांनी नाव नोंदवले.

वर्ग एका रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरत असे. पहिल्याच दिवशी फळ्यावर एक भले मोठे वर्तुळ काढलेले होते आणि त्यात ‘जग’ असे लिहिलेले होते. शिकवणारे सर वयाने अनुस्वारांच्या निम्मे आणि आवाजाने चौपट होते. ते म्हणाले, “हवामान, भूक, स्थलांतर, पाणी. जगापुढे आज सत्तावीस महाआव्हाने आहेत.” (अठ्ठाविसाव्याचा प्रस्ताव विचाराधीन होता.) “आणि आपण ती एकेक करून सोडवायला जातो, हीच मोठी चूक आहे.”

तेव्हा अनुस्वारांच्या लक्षात आले की व्यवस्था दोन प्रकारच्या असतात. एकीत कोणासाठी तरी खोलीत गादी घातली जाते. दुसरीवर सगळे जग चालते आणि तिच्यात गादी कुठेच नसते. आपण चुकीच्या वर्गात बसलो आहोत. उठून जावे असे त्यांना वाटले. पण त्यांची खुर्ची जराशा हालचालीनेही करकरत होती आणि सगळ्यांनी माना वळवल्या असत्या. ते बसून राहिले. (जगातील उच्चशिक्षितांपैकी किती जण केवळ करकरणाऱ्या खुर्चीमुळे उच्चशिक्षित झाले, याची पाहणी अद्याप व्हायची आहे.)

अभ्यासक्रम अत्यंत शास्त्रशुद्ध होता. त्याची तत्त्वे थोडक्यात अशी. कोणताही प्रश्न एकटा नसतो. कोणतेही उत्तर हा दुसऱ्या कोणाचा तरी प्रश्न असतो. म्हणून उत्तर देण्याआधी संपूर्ण चित्र पाहावे. संपूर्ण चित्र म्हणजे ज्यात काहीही राहून गेलेले नाही असे चित्र. काही राहून गेले आहे का, हे संपूर्ण चित्र पाहिल्याशिवाय समजत नाही. हे चित्र वर्तुळे आणि बाण यांनी काढायचे असते. बाण फिरून पहिल्या वर्तुळात परत आला की त्याला फेरा म्हणतात. कारणाचा परिणाम पोचायला वेळ लागत असेल तर बाणावर दोन आडव्या रेघा मारतात. ही विलंबाची खूण. आणि ज्या एका जागी बोटभर ढकलले असता सगळेच हलते, ती कळीची जागा. ती शोधणे हे शिक्षणाचे अंतिम ध्येय असून आजवरच्या एकाही तुकडीने ती शोधून अभ्यासक्रमाचे नुकसान केलेले नव्हते.

त्या दालनातच व्यवस्थेचे एक जिवंत उदाहरण होते. भिंतीवर बटणांची लांबलचक पाटी होती आणि कोणते बटण कशाचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. रोज सुरुवातीला सर एक बटण दाबत आणि मागचा पंखा सुरू होई. दुसरे दाबत आणि पहिला दिवा जाई. एकदा खालच्या दुकानदाराने वर येऊन आपले रंग ढवळण्याचे यंत्र बंद का पडले अशी विचारणा केली. वर्गातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो सर, बटणांखाली चिठ्ठ्या चिकटवू या की. पंखा, दिवा, पंखा. पाच मिनिटांचं काम.”

“बाई, तो लक्षणावर उपाय झाला,” सर म्हणाले. “मूळ प्रश्न बटणाचा नाहीच.”

भिंतींवर तोवर निळ्या, पिवळ्या, गुलाबी चिठ्ठ्यांचा खच पडला होता. भूक, युद्ध, वाळवंट, प्लास्टिक, सगळे होते. बटणांच्या पाटीजवळ तेवढी एकही नव्हती.

डॉक्टरीणबाई वर्गाला का आल्या, ते त्यांनीच सांगितले होते. “पेशंट आ करतो, मी कीड काढते, तो जातो. वर्षानं पुन्हा आ करून हजर. म्हटलं, एकदा मुळाशी जाऊ या.” मुळाशी जाणे हा खरे तर त्यांचा रोजचाच व्यवसाय, पण हे मूळ निराळे होते. महिन्याभरात त्यांच्या दवाखान्यात पेशंटला खुर्चीत आडवे करून, तोंड उघडे ठेवून, जगाच्या साखरव्यापाराचा नकाशा समजावला जाऊ लागला. (ठणका तसाच राहतो, पण आपण एकटे नाही हे पेशंटला कळते.)

दुसरे एक निवृत्त वाहतूक हवालदार होते. त्यांनी स्थलांतराचे आव्हान निवडले होते, कारण कोण कुठे चालले आहे हे विचारण्याची त्यांना सवय होती. बाण काढण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. दोन बाण एकमेकांना छेदू लागले की ते एकाला थांबवून ठेवत आणि दुसरा निघून गेल्यावर सोडत. त्यांच्या चित्रात एकही बाण उलट्या दिशेने घुसलेला आढळला नाही. बारमाही दुष्काळाकडून शहराकडे निघालेला बाणसुद्धा आधी रस्त्याच्या कडेला उभा राहून दोन्हीकडे बघे.

मग अनुस्वारांची पाळी आली. “आजोबा, तुमचं आव्हान कोणतं?” सरांनी विचारले.

अनुस्वारांनी खूप विचार करून म्हटले, “माझी बहीण.”

मग त्यांनी खुलासा जोडला.

“थोरली. तिचे गुडघे... जिने होत नाहीत. विचारते आहे, माझी व्यवस्था होईल का.”

सरांचे डोळे चमकले. “वृद्धत्व,” ते म्हणाले. “निवारा. स्थलांतर. उंच इमारती. आजोबा, तुम्ही एकदम चार आव्हानांना हात घातलाय.” आणि त्यांनी एक मोठा पांढरा कागद भिंतीवर लावून त्याच्या बरोबर मध्ये एक वर्तुळ काढले. त्यात लिहिले, ‘ताईंचे गुडघे’.

इतका मान ताईच्या गुडघ्यांना याआधी कोणी दिलेला नव्हता, डॉक्टरांनीही नाही. अनुस्वारांना भरून आले. ताईच्या पत्राचा विचार आता जाणती माणसे करत आहेत, तेव्हा आपण एकट्याने घाईने काही लिहून टाकणे उद्धटपणाचे होईल, असेही त्यांना वाटले. हे सुख त्यांनी पुष्कळ दिवस उपभोगले.

मधल्या काळात ताईचा फोन आला.

“पत्र मिळालं का रे?”

“हं.”

“मग?”

“विचार चालू आहे.”

“किती चालणार आहे तो? कुठं पोचला?”

“क्लासला जातोय मी, ताई. व्यवस्थेच्या विचाराचा क्लास आहे.”

मग ताई म्हणाली, “मला ठेवून घ्यायला तू शिकवणी लावलीस? अरे, त्या फीमध्ये गादी आली असती.”

“हं.”

“बरं, ऐक. इथं एक वसतिगृह आहे म्हाताऱ्या बायकांचं. तळमजला आहे. खोलीत चौघी. माणसं वाईट नाहीत, पण मशीन आणायचं नाही म्हणतात. खडखड होते म्हणे. महिनाअखेरपर्यंत त्यांना हो की नाही सांगायचंय. तू काही म्हणालास तर ते सोडते, नाही म्हणालास तर मशीन विकते. कळलं?”

“हं.”

“हे बघ, हं नको. तुझ्या हंमध्ये हो किती आणि नाही किती, हे मला या वयापर्यंत कळलेलं नाही. लिहून पाठव. तुझं लिहिलेलं तेवढं खरं असतं.”

फोन ठेवल्यावर अनुस्वार मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. खिडकीखाली शिवणाचे मशीन कुठे बसेल, ते त्यांना दिसत होते. फक्त तिथे सध्या इतिहासाचे बारा खंड बसले होते. ही अडचण त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात मांडली. सरांनी तिचे स्वागत करून ‘ज्ञानसाठ्याचे पुनर्वसन’ असे एक नवे वर्तुळ काढले.

यानंतर चित्राने जी प्रगती केली ती थक्क करणारी होती. गुडघ्यांवरून बाण जिन्यांकडे गेला, जिन्यांवरून इमारतींच्या उंचीकडे, तिथून जमिनीच्या भावाकडे, तिथून गावे ओस पडण्याकडे, तिथून शेती, पाऊस, हवामान, हिमनग. एका संध्याकाळी हवालदारांनी हिमनगाकडून निघालेला बाण समुद्राच्या पातळीपर्यंत आणून सोडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पाणी वाढलं तर माणसं वरच्या मजल्यावर जातील.” सर म्हणाले, “आणि वर जायला?” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “जिने.” बाण ताईच्या गुडघ्यांत परत आला. फेरा पूर्ण झाला. सरांनी चष्मा काढून डोळे टिपले.

(हिमनगापासून ताईच्या गुडघ्यांपर्यंत परिणाम पोचायला वर्गाच्या अंदाजाप्रमाणे शेसव्वाशे वर्षे लागणार होती. तेवढा काळ ताईंनी जिन्यात सहकार्य करावे, अशी टीप तळाशी देण्यात आली.)

चित्र आता दोन भिंती व्यापून दारापर्यंत आले होते. समारोपाला एक प्रमुख पाहुणे येणार असे ठरले. ते जागतिक प्रश्नांचे मोठे जाणकार असून नुकतेच एका प्रश्नावरून परतले होते. त्यांच्या स्वागतासाठी चित्राची साफसफाई सुरू झाली. “मध्यभागी हे गुडघे जरा घरगुती वाटतात,” सर म्हणाले, आणि तिथे ‘निम्नांगांची गतिशीलता’ असे लिहिण्यात आले. पुढे महासागराला जागा अपुरी पडू लागली, म्हणून गतिशीलता उचलून कोपऱ्यात नेली. कोपऱ्यावर दार उघडताना घासत असे, तेव्हा तीही काढली. ज्या दिवशी चित्र संपूर्ण झाले, त्या दिवशी त्यात सगळे होते.

समारोपाच्या सकाळी अनुस्वार सर्वांच्या आधी पोचले. दाबायचे बटण सापडले नाही म्हणून खिडकीच्या उजेडातच त्यांनी चित्र वाचायला घेतले. वाचायला घेतले म्हणजे तपासायला घेतले. दुसऱ्या प्रकारचे वाचन त्यांना येत नसे. डावीकडून सुरुवात करून, प्रत्येक शब्दावर बोट ठेवत, ते उजवीकडे सरकत गेले. शुद्धलेखन ठीक होते. महासागराचा ‘सा’ थोडा बसका होता. मात्र शेवटाला पोचल्यावर त्यांना ते जाणवले, जे जन्मभर जाणवत आले होते: इथे काहीतरी गळले आहे.

गळलेल्या मजकुरासाठी मुद्रितशोधकांची एक खूण असते. दोन ओळींच्या मध्ये खालून वर उमटवलेला एक छोटा कोन. पक्ष्याच्या पावलासारखा दिसतो म्हणून त्याला हंसपद म्हणतात. ज्या जागी शब्द सुटला, तिथे हंसपद काढायचे आणि वर सुटलेला शब्द लिहायचा. अनुस्वारांनी खिशातले लाल पेन काढले. महासागर आणि जमिनीचे भाव यांच्या मधल्या चिमूटभर जागेत हंसपद काढले आणि वर बारीक अक्षरात लिहिले, ‘ताई’. तिथून त्यांनी एक बाण काढला, त्याच्या टोकाला ‘व्यवस्था होईल का?’ असे लिहिले, आणि तिथून आणखी एक बाण निघाला तो कोऱ्या वर्तुळाकडे. त्या बाणावर काय लिहावे हे सुचेना, तेव्हा जे शिकले होते ते केले. दोन आडव्या रेघा मारल्या. हे सगळे त्यांनी चोरून केले, कारण चित्र साऱ्यांचे होते आणि लाल पेन त्यांचे एकट्याचे.

पाहुणे आले. दिवे लागले (सातव्या प्रयत्नात). पाहुण्यांनी हात मागे बांधून दोन्ही भिंती पाहिल्या आणि म्हणाले, “फारच व्यापक. मग यात कळीची जागा कोणती?”

हा प्रश्न अभ्यासक्रमात होता, पण आजवर कोणी विचारला नव्हता. सरांनी हवालदारांकडे पाहिले. हवालदार पुढे झाले आणि बाणांची वाहतूक हाताने दाखवू लागले. हवामानावरून सरळ, समुद्रापाशी वळण, भावांवरून पुढे. लाल अक्षरांपाशी त्यांचा हात थांबला.

“हे काल नव्हतं,” ते म्हणाले. मग वाकून पाहिले. “सर, घोडं इथं अडलंय. बाकी सगळं फिरतंय, हे एवढं उभं आहे. दोन रेघा आहेत बघा. विलंब.” त्यांनी वर्गाकडे तोंड वळवले आणि आयुष्यभर विचारला तो प्रश्न विचारला. “गाडी कुणाची आहे?”

वर्गाच्या दाराकडे अनुस्वारांनी एकदा पाहिले. दारात त्यांच्या वतीने उत्तर द्यायला कोणी नव्हते.

“माझी,” ते म्हणाले.

पाहुणे टाळ्या वाजवू लागले. म्हणून सगळे वाजवू लागले. स्वतःलाच व्यवस्थेत पाहणे ही या विद्येची सर्वोच्च पायरी असून दहा हजारांत एखादाच तिथे पोचतो, असे पाहुण्यांनी सांगितले. (बाकीचे व्यवस्थेत सगळ्यांना पाहतात, स्वतःला सोडून.) ‘विलंब’ या विषयावर एक स्वतंत्र प्रगत अभ्यासक्रम सुरू करण्याची घोषणा तिथेच झाली आणि त्यातील पहिले व्याख्यान आजोबांनी द्यावे, असे ठरले.

टाळ्यांच्या आवाजात डॉक्टरीणबाई शेजारी सरकल्या. “अहो आजोबा, म्हणजे ताई खऱ्या आहेत?”

“हं.”

“मला वाटलं उदाहरण आहे. किती दिवस त्यांच्या गुडघ्यांवर बाण मारतेय मी. अहो, कधीपर्यंत कळवायचंय त्यांना?”

“महिनाअखेर.”

“ती तर आलीच. मग जा ना. इथं काय बसलाय?”

“घाई नको,” सर मध्येच म्हणाले. त्यांचे कान तिखट होते. “घाईचं उत्तर म्हणजे लक्षणावर उपाय. आधी विलंबाची मुळं—”

“सर,” बाई म्हणाल्या, “दात दुखतोय त्याला मी महिनाभर मुळं सांगतेय. कालच्या पेशंटनं माझं बोट चावलं.”

अनुस्वार उठले. खुर्ची करकरली, अगदी लांबलचक करकरली, आणि सगळ्यांनी माना वळवल्या. त्यांनी करकरू दिली. सरांनी हातात दिलेल्या प्रमाणपत्रावर ‘समग्र’मधला र छापायचा राहिला होता. अनुस्वारांनी तो पाहिला, पेनाकडे हात नेला, आणि प्रमाणपत्र तसेच घडी करून खिशात घातले. आयुष्यात छापील चूक त्यांनी जाऊ दिली, ती ही पहिलीच.

टपाल कार्यालय कोपऱ्यावरच होते. त्यांनी एक कार्ड घेतले. तिथल्या उंच टेबलाशी उभे राहून पत्ता लिहिला आणि मग मजकुराच्या बाजूला, मधोमध, लिहिले: ‘ये.’

पुन्हा ते एकाक्षरी वाक्य. त्यांनी ते तपासले. या वेळीही वाटले की काहीतरी गळले आहे. आणि या वेळी काय गळले ते त्यांना कळले. खिडकीखालची जागा त्यांच्या डोळ्यांपुढे आली. इतिहासाचे बारा खंड पलंगाखाली जाऊ शकतात. तिथे गेल्याने इतिहासाचे काही बिघडत नाही. त्यांनी लाल पेनाने ‘ये’च्या आधी नीट हंसपद काढले आणि वर लिहिले: ‘मशीन घेऊन’.

(या उत्तरामुळे जागतिक वृद्धत्व व निवारा या आव्हानात एका व्यक्तीची घट होणार होती. एवढा किरकोळ आकडा नोंदवण्यासाठी अहवालात रकाना नसल्याने ती नोंदवली गेली नाही.)

पेटीपाशी थोडी रांग होती. आपला नंबर आल्यावर अनुस्वार कार्ड हातात धरून क्षणभर थबकले. सवयीने त्यांच्या मनात आले, की ‘घेऊन’ की ‘घेऊनच’, एकदा कोशात पाहावे का. मागे उभ्या असलेल्या कोणीतरी घसा खाकरला. ज्याला हे उत्तर पहिल्याच दिवशी देता आले असते असे ही कथा वाचताना वाटत आले आहे, आणि ज्याच्या स्वतःच्या खणात असेच एक पत्र बरेच दिवस विचाराधीन आहे, अशा माणसाच्या घशातून येतो तसा तो आवाज होता.

अनुस्वारांनी मागे वळून पाहिले नाही. कार्ड पेटीत टाकले, आत पडल्याचा आवाज नीट ऐकला, आणि ते बाजूला झाले.

आता पुढचा नंबर आपला.